पानात बांधलेली पंचमी

चायनीज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? संध्याकाळी स्टँडच्या बाहेर लागणारी ती लाल रंगाची गाडी, तिच्यावर ड्रॅगनचं चित्र, मोठ्ठ्या कढईचा खणखणाट आणि कोबीचं मंचुरियन. मुलं हट्ट करतात, आपणही महिन्यातून एकदा 'जाऊ दे' म्हणतो. आता हे मंचुरियन मुंबईतच जन्माला आलं आणि खुद्द चीनमध्ये कुणाला माहीत नाही, हे बऱ्याच जणींनी वाचलेलं असेल. पण मग चीनमधल्या घरात सणावाराला काय शिजतं? तिथली सासू सुनेला काय शिकवते? आई लेकीला डब्यात काय बांधून देते? हा प्रश्न मला पडला तो एका फोटोवरून. फोटोत तीन पिढ्यांच्या बायका एका घमेल्याभोवती बसलेल्या, मांडीवर हिरवी पानं, तोंडात दोऱ्याचं एक टोक धरलेलं. क्षणभर मला वाटलं, आमच्या कोकणातल्या आत्याचं स्वयंपाकघरच आहे हे आणि पातोळ्यांची तयारी चाललीय.

त्या पातोळ्या नव्हत्या. तो पदार्थ होता झोंगझी. (चिनी उच्चार 'त्सुंग्झ'च्या जवळ जातो, पण आपण आपल्या जिभेला पेलेल तेच म्हणू या.) चिकट तांदूळ बांबूच्या किंवा लव्हाळ्याच्या लांब पानात भरायचा, आत गोड किंवा तिखट-मिठाचं सारण ठेवायचं, चार टोकांची समोशासारखी पुडी बांधायची आणि तासन् तास उकडायची. तिथल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीला हा पदार्थ घरोघरी असतोच. त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे ही तिथी बहुतेक वर्षी आपल्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आसपास येते. सणाचं नाव दुआनवू. नदीवर ड्रॅगनच्या तोंडाच्या लांबलचक होड्यांच्या शर्यती होतात, म्हणून जग त्याला ड्रॅगन बोट फेस्टिव्हल म्हणतं.

या सणामागची कथा चीनमधलं शाळकरी पोरही घडाघडा सांगेल. साधारण २३०० वर्षांपूर्वी छू नावाच्या राज्यात छू युआन नावाचा मंत्री होता. मोठा कवी, स्पष्टवक्ता. शेजारचं छिन राज्य बलाढ्य होत चाललं होतं, त्याच्या गोड बोलण्याला भुलू नका असं तो राजाला सांगत राहिला. दरबारातल्या लोकांनी कान भरले, राजाने त्याला दूर केलं, पुढे तर हद्दपारच केलं. इसवी सनापूर्वी २७८ मध्ये छिनच्या सैन्याने छूची राजधानी घेतली. छू युआनने छातीशी दगड धरला आणि मिलुओ नदीत उडी घेतली. लोक होड्या घेऊन धावले, पण तो सापडला नाही. माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून त्यांनी पाण्यात भात टाकला. त्या होड्यांच्या शर्यती झाल्या आणि त्या भाताची झोंगझी झाली.

या कथेत आणखी एक माणूस आहे, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. छू युआनची थोरली बहीण. भावाला हद्दपार केल्याचं कळल्यावर ती सासरहून परत आली, त्याची समजूत घालायला. जरा सबुरीने घे रे, सगळ्या जगाशी एकट्याने भांडू नकोस, असं. हूबेइ प्रांतात छू युआनचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं झीग्वेइ नावाचं ठिकाण आहे. त्या नावाचा अर्थच 'थोरली बहीण परत आली' असा परंपरेने सांगतात. भावाने ऐकलं नाही ते नाहीच. पण गावाला नाव पडलं ते बहिणीच्या येण्यावरून, हे मला फार आवडलं.

आता गंमत बघा. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथकाराने आपल्या भागातले रीतिरिवाज लिहून ठेवलेत. त्यात या पदार्थाची कृती आहे. रानतांदळाच्या गवताच्या पानात चिकट धान्य गुंडाळायचं, राखेच्या दाट पाण्यात शिजवायचं आणि पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी खायचं. त्या कृतीत छू युआनचं नावही नाही! कवीची आणि भाताची गाठ घालणारी गोष्ट लिहिलेली सापडते ती पुढे सहाव्या शतकात. म्हणजे पदार्थ आधीचा, गोष्ट नंतर येऊन त्याला चिकटली असं मानायला भरपूर जागा आहे. आपल्याकडे नाही का, आधी घरात एखादी रीत असते आणि मग तिला कहाणी मिळते?

ती सहाव्या शतकातली गोष्ट तर ऐकण्यासारखीच आहे. लोक दरवर्षी बांबूच्या नळीत तांदूळ भरून नदीत सोडत. एकदा एका माणसाला छू युआनच भेटला म्हणे. म्हणाला, तुम्ही एवढं पाठवता पण मला काही मिळत नाही, पाण्यातला ड्रॅगन सगळं खाऊन टाकतो. तेव्हा नळीच्या तोंडाला बकाणनिंबाचा पाला लावा आणि वर पाच रंगांचा दोरा बांधा. या दोन गोष्टींना तो ड्रॅगन भितो.

बकाणनिंब! आपल्या कडुनिंबाचा सख्खा चुलतभाऊ. गुढीला आपण कडुनिंबाचा डहाळा बांधतो, धान्यात पाला टाकतो, गोवर-कांजिण्या आल्या की अंथरुणात ठेवतो. आणि तिकडे हजारो मैलांवर कुणीतरी ड्रॅगनपासून भात वाचवायला त्याच कुळाचा पाला घेतोय. आपला त्यांचा काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पण किडा-मुंगी कशाने पळते हे दोन्हीकडच्या बायकांना स्वयंपाकघरात उभं राहूनच कळलं असणार.

या सणाचा खरा गाभा मला तिथेच वाटतो. चिनी लोक पाचव्या महिन्याला 'विषारी महिना' म्हणत. उकाडा वाढतो, पाऊस सुरू होतो, साप-विंचू बाहेर पडतात, माश्या-डास, हगवण, ताप. आपल्याकडच्या मृगाच्या तोंडावरचे दिवस आठवा. औषधं नव्हती तेव्हा या दिवसांत लहान मुलं पटापट दगावत. मग आई काय करणार? दाराला दवण्याच्या कुळातली एक उग्र वासाची वनस्पती आणि वेखंडाची पानं टांगायची. हो, तेच वेखंड, आपल्या बाळगुटीतलं! त्याचं लांब टोकदार पान तलवारीसारखं दिसतं, म्हणून दारावर तलवार टांगल्यासारखं ते रोगराईला अडवतं असा समज. मुलांच्या मनगटाला पाच रंगांचा दोरा बांधायचा, गळ्यात सुगंधी औषधींची रेशमी थैली अडकवायची. सणानंतरचा पहिला पाऊस पडला की दोरा कापून पावसाच्या पाण्यात सोडून द्यायचा, पीडा त्याबरोबर वाहून जाते. मोठी माणसं मनशीळ घातलेली दारू पीत आणि मुलांच्या कपाळावर तिचं बोट ओढत. चीनच्या प्रसिद्ध श्वेतसर्पिणीच्या दंतकथेतली नायिका याच दिवशी ही दारू पिते आणि तिचं सापाचं रूप नवऱ्यापुढे उघडं पडतं. मनशीळ म्हणजे सोमल असलेलं खनिज, त्यामुळे आता डॉक्टर ती पिऊ नका असं बजावतात आणि ते योग्यच आहे. वेखंडाची जुडी आणि दोरा मात्र आजही बाजारात येतो.

कोरियातही हा दिवस असतो, दानो नावाने. तिथे बायका वेखंडाच्या पानांचा काढा करून त्याने केस धुवायच्या आणि उंच झोके घ्यायच्या. वाचलं आणि नागपंचमीच डोळ्यांपुढे आली. या दानोवरून मात्र दोन देशांत चांगलंच वाजलं. २००५ मध्ये कोरियातल्या गांगनुंग गावचा दानो उत्सव युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवला. चीनमध्ये संताप झाला, आमचा सण पळवला म्हणून. मग चिनी सरकारला जाग आली. २००८ पासून दुआनवूला सरकारी सुट्टी मिळाली आणि २००९ मध्ये चीनचा हा सणही युनेस्कोच्या यादीत गेला. शेजारीण आपल्या पद्धतीची भाजी करून वाहवा मिळवते तेव्हाच आपल्याला आपल्या आजीची वही आठवते, त्यातलाच हा प्रकार.

आणि माहेर? ते कसं विसरून चालेल! मिंग राजवटीतल्या, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पेकिंगच्या एका वर्णनात या सणाला चक्क 'लेकींचा सण' म्हटलंय. पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत लहान मुलींना नटवायचं आणि लग्न झालेल्या लेकींनी माहेरी यायचं. पंचमीला माहेरी जायची ओढ चीनमध्येही होती तर!

एका लेकीची कहाणी मात्र या दिवसाला वेगळाच रंग देते. चेज्यांग प्रांतात त्साओ अ नावाची चौदा वर्षांची मुलगी होती. इसवी सन १४३ मध्ये पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी नदीत देवाचं स्वागत करताना तिचे वडील बुडाले. प्रेत मिळालं नाही. मुलगी सतरा दिवस काठाने रडत फिरली आणि शेवटी तिने स्वतःच उडी घेतली. लोक म्हणतात, पाच दिवसांनी वडिलांना मिठी मारलेला तिचा देह वर आला. त्या नदीला आज तिचंच नाव आहे, काठावर तिचं देऊळ आहे. त्या भागातले लोक दुआनवू कवीसाठी नाही, तिच्यासाठी पाळतात. तिची स्तुती करणारा शिलालेख उभारला गेला, आदर्श कन्या म्हणून. मला मात्र ते वाचताना राहून राहून वाटलं, त्या सतरा दिवसांत कुणी त्या पोरीचा हात धरून तिला घरी का नाही नेलं?

असो. आता पदार्थाकडे येऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल गोष्टीच सांगत बसली.

झोंगझीचा तांदूळ वेगळा. आपल्या साध्या तांदळात दोन प्रकारचे स्टार्च असतात, त्यातला भात मोकळा ठेवणारा स्टार्च या तांदळात जवळजवळ नसतोच. म्हणून तो शिजला की लगदा न होता घट्ट, चकचकीत आणि चिकट होतो. आसाममध्ये 'बोरा' तांदूळ मिळतो तो याच जातीचा. तांदूळ भिजत घालायचा, पानं रात्रभर भिजवून उकळून मऊ करायची. दोन पानं एकावर एक ठेवून शेंगदाण्याच्या पुडीसारखा कोन वळायचा. टोकाला सुईएवढंही भोक राहता कामा नये. अर्धा तांदूळ, मधे सारण, वर पुन्हा तांदूळ, पान दुमडून झाकण आणि मग दोरा. सगळी कसोटी या दोऱ्याची. फार आवळला तर तांदूळ फुगायला जागा राहत नाही, आत कच्चा राहतो किंवा पान फाटतं. सैल राहिला तर पाणी शिरून पेज होते. हे पुस्तकातून येत नाही, शेजारी बसूनच शिकावं लागतं.

सारणावरून तिकडे भांडणं होतात, अगदी आपल्याकडे मिसळीवरून होतात तशी. उत्तरेकडे गोड, लाल सुकी बोरं किंवा लाल चवळीसारख्या कडधान्याचं पुरण. (पुरण म्हणतेय, पण आपल्याकडच्या पुरणाची सर नाही!) दक्षिणेकडे खारं, डुकराचं मांस, खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक, मश्रूम. शाकाहारी मैत्रिणींनी नाक मुरडू नये. तैवानच्या दक्षिणेकडे नुसते शेंगदाणे घातलेली झोंगझी असते आणि वरून शेंगदाण्याचं कूट भुरभुरतात. आणखी एका प्रकारात सारणच नसतं. तांदळाला खाराचं पाणी लावतात, आपण पापडाला लावतो तसं, आणि उकडल्यावर तो पिवळाजर्द पारदर्शक होतो. तो मधात किंवा पाकात बुडवून खायचा. तिसऱ्या शतकातल्या कृतीतलं राखेचं पाणी ते हेच.

मलेशिया-सिंगापूरला गेलेल्या चिनी लोकांनी मलय बायकांशी लग्नं केली, त्या घरांत झोंगझीचं रूपच पालटलं. तांदळाला गोकर्णाच्या फुलांचा निळा रंग, सारणात धण्याची पूड आणि साखरेत मुरवलेला कोहळा, म्हणजे जवळजवळ आपला पेठाच. ही सुनांची करामत. इतिहासाच्या पुस्तकात व्यापारी आणि जहाजं असतात. धणे पुडीत कुणी घातले ते कुणी लिहून ठेवत नाही.

दहावी-बारावीच्या आयांसाठी खास. चिनी भाषेत केकला 'गाओ' म्हणतात. गाओ आणि झोंग एकत्र उच्चारलं की ते 'वरच्या नंबराने पास' अशा अर्थाच्या शब्दासारखं ऐकू येतं. त्यांची कॉलेज प्रवेशाची महापरीक्षा जूनच्या सात तारखेला सुरू होते, सणाच्या अवतीभवतीच. त्यामुळे परीक्षेच्या सकाळी आई पोराच्या ताटात केक आणि झोंगझी वाढते. आपल्या दह्या-साखरेची चिनी बहीणच म्हणा ना.

आता शहरातल्या किती सुना हे सगळं घरी करतात? अर्थातच कमी. च्याशिंग शहरातली एक प्रसिद्ध कंपनी १९२१ पासून झोंगझी विकतेय, आज तिचा माल सुपर मार्केटात, रेल्वे स्टेशनवर, सगळीकडे मिळतो. दिवाळीच्या ड्रायफ्रूट बॉक्ससारखे त्याचे भपकेबाज खोके निघायला लागले, तेव्हा २०२२ मध्ये सरकारने नियम केला की झोंगझीला तीनपेक्षा जास्त वेष्टनं नकोत. त्याआधी, २००५ च्या सुमारास, पानं हिरवीगार दिसावीत म्हणून काही जण ती मोरचुदाच्या पाण्यात बुडवतात हे उघडकीस आलं होतं. तेव्हापासून तिथल्या जाणत्या बायका सांगतात, उकडलेलं पान काळपट-तपकिरीच दिसायला हवं, फार हिरवं दिसलं तर घेऊ नका. आपल्याकडच्या हिरव्यागार मटारसारखंच की हे. आणि एक सांगते, मोठ्या कारखान्यातही पुडी बांधायचं काम मुख्यतः हातांनीच होतं. तो कोन आणि तो दोरा यंत्राला अजून नीटसा जमलेला नाही. रांगेने बसून बांधतात त्या बहुतेक बायकाच.

मी करून बघितलं. बोरा तांदूळ कुठून मिळणार आमच्या गावात? इंद्रायणी घेतला. पानं हळदीची. आत खजूर आणि शेंगदाणे. पहिल्या चार पुड्या कुकरमध्येच सुटल्या आणि हळदीच्या वासाची छान मऊ खीर तयार झाली. यजमान म्हणाले, "नाव काहीही सांग, लागतंय बरं." पाचवीला केळीचं पान शेकून घेतलं आणि सुती दोरा दोनदा फिरवला. ती टिकली. देखणी नव्हती, पण सोडली तेव्हा चारही टोकं जागेवर होती. मला दहावीचा निकाल लागल्यासारखं झालं. इंद्रायणीचा चिकटपणा खऱ्या झोंगझीएवढा नाही, हे आधीच सांगून ठेवते, नंतर मला नावं ठेवू नका. आणि खरी मिळालीच, तर वयस्कर मंडळींना बेतानेच द्या, तो तांदूळ पचायला जड असतो.

एक रीत मात्र माझ्या मनातून जात नाही. दक्षिण चीनमध्ये फूज्येनकडे आणि तैवानमध्ये, ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तिथे झोंगझी बांधत नाहीत. पण म्हणून त्या घरात ती नसते असं नाही. नातेवाईक आणि शेजारणी आपापल्या घरून आणून देतात. माझी आई गेली त्या वर्षी दिवाळीत आमच्याकडे कढई चढली नाही. पहिल्या अंघोळीच्या दिवशी सकाळी सातला दाराची कडी वाजली. शेजारच्या काकू पदराखाली डबा घेऊन उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. ओट्यावर डबा ठेवला आणि गेल्या. नंतर संध्याकाळपर्यंत असे आणखी सहा डबे आले. त्यातल्या दोन डब्यांत चकल्या होत्या, आईच्याच हाताखाली शिकलेल्या बायकांनी केलेल्या, तशाच जरा जाड.

१९८८ मध्ये च्यांगशी प्रांतातल्या द-आन गावी एक जुनी कबर सापडली. दक्षिण सुंग राजवटीतल्या झोऊ घराण्यातल्या एका बाईची, ती १२७४ मध्ये गेलेली. तिच्या हातात पीचच्या झाडाची एक फांदी ठेवली होती, रोगराई आणि भुतंखेतं दूर ठेवणारी. फांदीला दोन बाजूंना दोन छोट्या झोंगझी टांगलेल्या होत्या. कुणी बांधल्या, लेकीने, सुनेने, जावेने, त्याची कुठे नोंद नाही. सातशेहून अधिक वर्षं त्या पुड्या तिच्या हाताशी होत्या, दोऱ्याने बांधलेल्या.